शिंगरांच्या रंगांची नोंदवही: पांढऱ्या शिंगरापासून अबलख शिंगीपर्यंत, दोन हंगाम

पागेत तीन घोड्या आणि एक घोडा. कस्तुरी कुमाईत (तपकिरी अंग, काळे पाय-आयाळ-शेपूट), तारा तांबडी, चांदणी सब्जा (वयाबरोबर पांढरी होत जाणारी) आणि घोडा वादळ, काळा. शिंगरांच्या रंगांचा माग ठेवायचा म्हणून या नोंदी सुरू केल्या. रंग आणि चाचण्या स्वतः तपासून बघू पाहणाऱ्यांसाठी त्या जशाच्या तशा ठेवते आहे. जिथे चुकलं तिथे खाडाखोड केलेली नाही.

पहिला हंगाम

१९ फेब्रुवारी

पहाटे तीनला तारा व्याली. शिंगरू नखशिखांत पांढरं, कातडी गुलाबी, डोळे निळे. बाहेरच्या ज्या घोड्याकडून तारा फळवली होती तोही तांबडा, एका कुशीवर पांढरा डाग असलेला. दोन तांबड्यांचं शिंगरू तांबडंच व्हायला हवं, एवढं मला ठाऊक होतं. पांढरं कसं झालं ते कळेना. तासाभरात ते उभं राहिलं, चीक प्यालं. मोतद्दार काका म्हणाले, "ताई, नुकरा आलाय, नशीब काढलंत." मीही वहीत "नुकरा", म्हणजे जन्मजात पांढरा, असं लिहून टाकलं.

सकाळी नऊपर्यंत पहिली काळी लीद पडली नाही. एनिमा दिला, तरी काही नाही. दुपारी ते लोळायला लागलं, पोटाकडे वळून बघायला लागलं. डॉक्टर आले. त्यांनी शिंगराआधी ताराचा चेहरा बघितला. तिच्या कपाळावरून नाकपुडीपर्यंत उतरलेला, कडा फाटल्यासारखा पांढरा पट्टा आहे. मग विचारलं, "घोड्याची फ्रेमची चाचणी केली होती का?" केली नव्हती. घोड्याच्या मालकांनी "कुशीवरचा डाग साधा आहे" असं सांगितलं, आणि मी ते मान्य केलं.

२० फेब्रुवारी

शिंगराला सोडवावं लागलं. जेमतेम तीस तास जगलं. तारा दिवसभर दाराशी उभी राहून हाका मारत होती. आज नोंद एवढीच.

४ मार्च

काय झालं ते समजून घेतलं. ज्याच्या हातून असं शिंगरू जाऊ नये त्याला हे माहीत असायला हवं, म्हणून लिहिते.

फ्रेम नावाचा पांढऱ्या डागांचा एक प्रकार आहे. त्याचं मूळ ईडीएनआरबी या जनुकातल्या एका बदलात आहे, आणि हा बदल १९९८ साली सापडला. गर्भात रंगपेशी आणि आतड्यातल्या मज्जापेशी एकाच ठिकाणाहून निघून अंगभर पसरतात. या बदलाची एक प्रत असेल तर काही रंगपेशी पोचत नाहीत, अंगावर पांढरं दिसतं आणि घोडा ठणठणीत असतो. दोन प्रती आल्या तर रंगपेशी जवळजवळ कुठेच पोचत नाहीत आणि मोठ्या आतड्यात मज्जापेशीही पोचत नाहीत. आतडं ढकलण्याचं काम करतच नाही. यावर औषध नाही, शस्त्रक्रियाही नाही.

एक प्रत असलेली घोडी आणि एक प्रत असलेला घोडा एकत्र आले तर चारातलं एक शिंगरू असं होण्याची शक्यता असते. अडचण अशी की एक प्रत असूनही अंगावर एकही डाग नसलेले घोडे असतात. तारा तशीच निघावी अशी शंका आहे. तिच्या अंगावर चेहऱ्याचा पट्टा सोडला तर काही नाही.

आयाळीचे तीस केस मुळासकट उपटून कागदी पाकिटात घालून पाठवले.

२६ मार्च

ताराला फ्रेमची एक प्रत. त्या घोड्याच्या मालकांनीही चाचणी करून घेतली, त्यालाही एक. आता कोणाला काही बोलून उपयोग नाही. चाचणी आधी केली असती तर अकरा महिने आणि एक जीव वाचला असता.

२ एप्रिल

या वर्षी तिन्ही घोड्या वादळकडूनच फळवायच्या ठरवल्या. त्याची फ्रेमची चाचणी केली, एकही प्रत नाही. म्हणजे ताराच्या शिंगराला जास्तीत जास्त एकच प्रत मिळेल, जीवघेण्या दोन कधीच नाहीत.

इथे मी एक काटकसर केली आणि ती पुढे महागात पडली. त्याच केसांतून अंगरंगाची पूर्ण चाचणी करता आली असती. "वादळ काळा आहे, त्यात काय तपासायचं?" असं म्हणून सोडून दिली.

कस्तुरी १० एप्रिलला, चांदणी २२ एप्रिलला, तारा ६ मेला लागली. तिन्ही ठरल्या. घोडीचा गर्भ सरासरी ३४० दिवसांचा. वीस दिवस इकडे-तिकडे धरून फेब्रुवारीच्या अखेरीपासून रात्रपाळ्या लावायच्या.

दुसरा हंगाम

१८ मार्च

कस्तुरीला शिंगरू झालं, नर. अंग फिकट मातकट पिवळं, मानेपासून शेपटीच्या बुडापर्यंत पाठीवर काळसर रेघ, पुढच्या पायांवर गुडघ्याच्या वर तीन आडव्या पट्ट्या, खांद्यावर पुसट सावली. पाय मात्र खाली फिकट राखाडी, काळे नाहीत.

रेघ बघून मी वहीत "समंद, डन" असं ठामपणे लिहिलं. समंद म्हणजे असं फिकट पिवळं अंग, आणि डन हे अंगाचा रंग फिका करून पाठीवर रेघ आणणारं जनुक. काका आणि मी दोघंही खूश. आमच्या पागेत अशी रेघ कधी आली नव्हती.

२ एप्रिल

चांदणीची शिंगी, म्हणजे मादी शिंगरू. गडद कुमाईत, पायांचा काळा रंग पहिल्या दिवसापासून पूर्ण भरलेला. कस्तुरीच्या शिंगराच्या राखाडी पायांशेजारी हे इतकं उठून दिसत होतं की मी फोटो काढला. असं का दिसतं आहे याचा विचार केला नाही. "कुमाईत" लिहिलं. एका परिचितांना कुमाईत शिंगी हवीच होती, त्यांना शब्दही देऊन टाकला.

१३ एप्रिल

ताराची शिंगी, रात्री पावणेदोन वाजता. डाव्या कुशीवर तळहाताहून मोठा फाटक्या कडांचा पांढरा डाग, उजवीकडे दोन लहान, चेहरा जवळजवळ सगळा पांढरा, डावा डोळा निळा. उरलेलं अंग फिकट पिवळसर तांबडं.

काका गप्पच झाले. मीही. गेल्या वर्षीची रात्र डोळ्यांसमोर होती. कागदावर गणित पक्कं होतं, वादळमध्ये फ्रेम नाही म्हणजे दोन प्रती येणं शक्य नाही, आणि अंगावर रंगही भरपूर आहे. तरी पहिली काळी लीद पडेपर्यंत आम्ही दोघं तिथून हललो नाही. पाच वाजून दहा मिनिटांनी पडली. काकांनी तिथेच हात जोडले.

वहीत "फिकट तांबडी, अबलख" लिहिलं. यातलं "अबलख" बरोबर, पण अपुरं आहे. अबलख या एका शब्दात आपण डागांचे किती तरी प्रकार कोंबतो. टोबियानोमध्ये पांढरा पट्टा पाठ ओलांडून जातो आणि बहुधा चारही पाय पांढरे असतात. तो तिसऱ्या गुणसूत्राचा एक मोठा तुकडा उलटा बसल्याने येतो. त्याच्या दोन प्रती आल्या तरी शिंगरू निरोगी असतं. फ्रेममध्ये पांढरं कुशीला असतं, पाठीची रेषा सहसा ओलांडत नाही आणि पाय बरेचदा रंगीतच राहतात. दोघांनाही आपण अबलखच म्हणतो, पण एकाच्या दोन प्रती शिंगराचा जीव घेतात. म्हणून आता वहीत अबलखच्या पुढे प्रकार लिहिल्याशिवाय ओळ पुरी करत नाही.

२० एप्रिल

शिंगरांचे नमुने काढले. इथे बराच वेळ वाया गेला.

कस्तुरीच्या शिंगराची शेपूट इतकी मऊ की केस हातातून सुटत होते, आणि ते उसळत होतं. वैतागून कात्रीने कापले. ताराच्या शिंगीचे खरार्‍याच्या ब्रशमधून गोळा केले. त्याच ब्रशने आधी ताराचाही खरारा झाला होता, हे लक्षात आलं नाही.

पैसे वाचवायला कस्तुरीच्या शिंगराची पूर्ण चाचणी आणि ताराच्या शिंगीची फक्त फ्रेमची मागवली.

९ मे

दोन्ही नमुने परत. पहिल्यात मुळंच नाहीत म्हणून डीएनए नाही. दुसऱ्यात दोन जनावरांचा डीएनए मिसळलेला. एकोणीस दिवस गेले, चाचणीचे पैसेही गेले.

पुन्हा काढले, या वेळी असे: शेपटीच्या बुडाशी बोटाला चार-पाच केस गुंडाळायचे, कातडीजवळ धरायचे आणि केस ज्या दिशेला वाढतो त्याच दिशेला एका झटक्यात ओढायचे. प्रकाशात धरून टोकाला पांढरा ठिपका दिसतो का बघायचं. तो दिसला तरच तो केस मोजायचा. मोठ्या घोड्याला वीस-तीस पुरतात, शिंगराचे केस बारीक म्हणून मी चाळीस घेतले. मुळांवर चिकटपट्टी लावून कागदावर बसवले. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा धरतो, म्हणून कागदी पाकीट. पाकिटावर नाव आधी लिहायचं, मग केस काढायचे. प्रत्येक जनावरामागे हात धुवायचे. एकाने शिंगराला मानेशी आणि शेपटीशी कवेत धरायचं, दुसऱ्याने केस काढायचे; एकट्याने हे होत नाही.

१३ मे

चांदणीच्या शिंगीचा खरारा करताना डोळ्यांभोवती पांढरे केस दिसले, चष्मा लावल्यासारखे. पापण्यांच्या कडेलाही. छातीत धस्स झालं, कारण मी तिला कुमाईत म्हणून देऊन बसले होते.

ती सब्जा होणार. सब्जा शिंगरू पांढरं जन्मत नाही, काळं, तांबडं किंवा कुमाईत जन्मतं आणि वर्षानुवर्षं पांढरं होत जातं. जन्मतःच पाय मोठ्या घोड्यासारखे गडद असणं ही त्याची बऱ्याचदा दिसणारी खूण, आणि ती मी २ एप्रिललाच फोटोत टिपली होती. चांदणी स्वतः सब्जा आहे. तिला या जनुकाची एकच प्रत असेल तर निम्म्या शिंगरांत तो जाणार, दोन असतील तर सगळ्यांतच. सब्जा शिंगराचा निदान एक पालक सब्जा असावाच लागतो, आणि इथे तर तो समोर उभा होता.

परिचितांना लगेच फोन केला, माफी मागितली, शब्द परत घेतला. त्यांनी नीट ऐकून घेतलं. केसांचा नमुना पाठवला.

२५ मे

फोटोंबद्दल लिहून ठेवते, कारण जुने सगळे फोटो निरुपयोगी ठरले. संध्याकाळच्या उन्हात काढलेल्या फोटोत कस्तुरीचं शिंगरू सोनेरी, सावलीत मातकट, ढगाळ दिवशी राखाडी. तीन फोटो, तीन जनावरं वाटतात. आता दर पंधरा दिवसांनी सकाळी दहाला, उघड्या सावलीत, त्याच भिंतीपाशी, शेजारी राखाडी पुठ्ठा टेकवून दोन्ही बाजू, समोर, मागे आणि पाठीवरून असे पाच फोटो काढते. खरारा आधी, फोटो नंतर.

पांढऱ्या डागांची हद्द कोरड्या केसांवरून कळत नाही. पाय ओला केला की गुलाबी कातडी कुठे संपते ते स्पष्ट दिसतं. कस्तुरीच्या शिंगराचा मागचा उजवा पाय मी पांढरा लिहिला होता. ओला केल्यावर कातडी खुरापर्यंत काळी. ते नुसते फिकट बाळकेस होते. हेच चारही पायांवर झालं असतं आणि कपाळावर टिळा असता, तर मी त्याला पंचकल्याणी म्हणून नोंदवलं असतं.

३० मे

निकाल आले.

ताराची शिंगी: फ्रेम, एक प्रत. अपेक्षित.

कस्तुरीचं शिंगरू: डन नाही. क्रीम, एक प्रत.

मी हे तीनदा वाचलं. डन आणि क्रीम दोन्ही अंगाचा रंग फिका करतात, आणि आपल्याकडे दोघांनाही समंदच म्हणतात. पण कस्तुरी गडद कुमाईत आहे आणि वादळ काळा, मग क्रीम कुठून आलं? आणि डन नसेल तर पाठीवरची रेघ कसली?

रेघेचं उत्तर अहवालातच होतं. डनचं मूळ टीबीएक्स३ या जनुकाशी आहे, ते २०१६ साली छापून आलं. त्याच कामात डन नसलेले दोन प्रकार वेगळे काढले गेले. त्यातल्या पहिल्यात अंगरंग फिका होत नाही, पण रेघ आणि पायांच्या पट्ट्या मात्र दिसू शकतात. कस्तुरीच्या शिंगराला तोच प्रकार आहे. फिकेपणा एका जनुकाचा आणि रेघ दुसऱ्याची, आणि मी दोन्ही एकत्र करून एकच नाव दिलं.

क्रीमबद्दल मात्र मला पाकिटांची अदलाबदल वाटली. फेरतपासणी आणि पालकत्वाची चाचणी मागवली. आणखी तीन आठवडे.

८ जून

ताराच्या शिंगीची आयाळ वाढते आहे आणि ती पांढरी आहे. डागाच्या जागची नाही, सगळीच. अंग सोनेरी होत चाललंय. तांबड्या घोडीला आणि काळ्या घोड्याला सोनेरी अंग, पांढरी आयाळ? दोन शिंगरं, दोन वेगळ्या आया, एकच बाप. दोघांची पानं वहीत शेजारी ठेवली तेव्हा कळलं की पाकिटं बदललेली नाहीत. आजच वादळचे केस पाठवले, पूर्ण चाचणीसाठी, आणि ताराच्या शिंगीसाठी क्रीमची.

३ जुलै

पालकत्व बरोबर. वादळ काळा आहे पण त्याच्यात क्रीमची एक प्रत आहे. याला स्मोकी ब्लॅक म्हणतात. क्रीमची एक प्रत लाल रंगद्रव्य फिकं करते, काळ्यावर तिचा परिणाम फारच थोडा. म्हणून काळ्या घोड्यात ती वर्षानुवर्षं लपून राहते. उन्हाळ्यात वादळच्या अंगावर तपकिरी झाक येते. नऊ वर्षं मी ती उन्हाने करपल्याची समजत होते. करपणं काळ्या घोड्यातही होतं, त्यामुळे नुसत्या डोळ्याने हे कळणं शक्य नव्हतं, पण एका चाचणीत कळलं असतं.

त्याचा पूर्ण हिशेब: काळं रंगद्रव्य तयार होऊ देणारी एक प्रत आणि तांबडं ठेवणारी एक, म्हणून तांबड्या घोडीपासून तांबडं किंवा सोनेरी शिंगरू होऊ शकतं. काळा रंग पाय-आयाळ-शेपटीपुरता रोखणारं अगुटी जनुक मात्र त्याच्याकडे नाही. ते कस्तुरीकडून आलं. म्हणून तिचं शिंगरू बकस्किन: अंग पिवळसर, आयाळ-शेपूट-पाय काळे. ताराची शिंगी पॅलोमिनो (सोनेरी अंग, पांढरी आयाळ) आणि फ्रेम.

गेल्या वर्षी २ एप्रिलला वाचवलेल्या एका चाचणीपायी चार जादा चाचण्या आणि जवळजवळ पाच आठवडे गेले.

चांदणीची शिंगी: सब्जाची एक प्रत, भरभर पांढरं करणाऱ्या प्रकारची. एसटीएक्स१७ जनुकात डीएनएच्या ४६०० जोड्यांचा एक तुकडा जादा असतो, हे २००८ साली कळलं. तो तुकडा एका ओळीत दोनदा असेल तर घोडा सावकाश पांढरा होतो, तीनदा असेल तर भरभर. पंधरा वर्षांवरच्या सब्जा घोड्यांपैकी ७० ते ८० टक्क्यांत काळ्या गाठी येतात. चांदणी चौदाची आहे. तिच्या शेपटीखाली आजच हात फिरवून बघितलं, वाटाण्याएवढी एक गाठ लागली. डॉक्टरांना दाखवली, सध्या दर तीन महिन्यांनी मापून लिहायची.

२९ जुलै

केस गळायला लागले. कस्तुरीच्या शिंगराच्या बरगड्यांवर जुने केस पट्ट्यापट्ट्यांनी सुटले आणि उभे वाघासारखे पट्टे उठले. बघायला आलेल्या एकांनी ब्रिंडल म्हणून फोटो काढून नेले. मी काही लिहिलं नाही, फक्त तारखेसह फोटो घेतले. दहा दिवसांत पट्टे गेले.

१७ ऑगस्ट

बाळकेस पूर्ण गेले. कस्तुरीचं शिंगरू सोनपिवळं, पाय गुडघ्याच्या वरपर्यंत काळे. पाठीवरची रेघ पुसट आहे, उन्हात तिरकं बघितलं तरच दिसते. पायांच्या पट्ट्या काळ्यात मिसळल्या. मार्चमधले फोटो नसते तर त्या होत्या हे मलाच पटलं नसतं.

ताराच्या शिंगीच्या डागांच्या कडा अजिबात हललेल्या नाहीत. जन्माच्या दिवशी डागावर पारदर्शक कागद धरून रेघ काढली होती. आज पुन्हा धरला. अंगाबरोबर डाग वाढलाय, आकार तोच.

चांदणीच्या शिंगीच्या गळ्यावर आणि कपाळावर पांढरे केस पसरलेत. बाकी अंग अजून कुमाईतच दिसतं. नवा माणूस आजही तिला कुमाईतच म्हणेल.

२ सप्टेंबर

वहीचा नमुना बदलला. जन्मदिवसाच्या पानावर आता रंगाचं नावच नाही. अंग, पाय (ओले करून), पाठ, पापण्या, डोळे, कातडी, आईबाप हे रकाने, आणि शेवटी "नाव: चाचणीनंतर". काका म्हणाले, "मग हाक काय मारायची?" ती त्यांनी ठरवावी. ताराच्या शिंगीला ते ढगी म्हणतात.

वादळच्या पानावर क्रीम लिहिलं. पुढे क्रीमची एक प्रत असलेली घोडी त्याच्याकडे आली तर चारातलं एक शिंगरू गुलाबी कातडीचं, निळ्या डोळ्यांचं, दुधाळ रंगाचं होऊ शकतं. ते निरोगी असेल. १९ फेब्रुवारीसारखं दिसणारं शिंगरू पुन्हा पागेत आलं तर कोणी घाबरून घाईने काही करू नये, म्हणून त्याच पानावर लाल शाईत लिहिलंय: आधी लीद बघा, मग आईबापांचे अहवाल बघा.

ढगीला घ्यायला एक कुटुंब येऊन गेलं. कागद देताना पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं: फ्रेम, एक प्रत, फ्रेम असलेल्या घोड्याकडे नेऊ नये, चाचणी न झालेल्या घोड्याकडेही नेऊ नये. त्यांच्या मुलीने ते वाचून ताराच्या पहिल्या शिंगराबद्दल विचारलं. मी तिला वहीतलं ते पान काढून दाखवलं.